तीन मतं कमी

वालाच्या हिरव्या शेंगा महाडच्या बाजारात आल्या की लोकांना बिरड्याची आठवण होते. मला जिल्हा परिषदेची एक जुनी निवडणूक आठवते. यंदा तर दोन्ही एकदमच आलं. सकाळी चवदार तळ्याच्या बाजूने शाळेकडे निघाले होते. माघाचा गारवा अजून भिंतींवर रेंगाळत होता. एका भाजीवालीकडे शेंगांचा ढीग पाहून थांबले, तेवढ्यात मागून प्रचाराची रिक्षा आली. भोंग्यातलं गाणं, मग उमेदवाराचं नाव, मग पुन्हा गाणं. मधली कितीतरी वर्षं जिल्हा परिषदेची निवडणूक झालीच नव्हती. मला वाटलं होतं, माझ्यापुरता तो विषय संपला. पण हातातली शेंग मी इतकी दाबली की तिचे दाणे बाहेर आले. भाजीवाली म्हणाली, "ताई, घेयाच्या असतील तर घ्या, अशा चिरडू नका."

त्या साली मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत राहत होते. महाडजवळच्या नाते गावाहून लग्न होऊन तिथे गेले त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. वाडीत मी बालवाडी चालवायचे. चाळीसेक घरं, एक देऊळ, एक शाळा, एक नळ. वाट एकच, तीही ओढ्यापर्यंत गाडीची आणि पुढे पायाची. माघात भात कधीच घरात आलेलं असतं. मोकळ्या खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल वाढतो. दुपारी त्या शेंगांचा हिरवट, उग्र वास वाडीभर असायचा. वारा दक्षिणेकडून आला तर कशेडीच्या घाटातल्या ट्रकांचे हॉर्न अगदी बारीक ऐकू यायचे. कुणीतरी कुठेतरी चाललंय एवढं त्यातून कळायचं. आम्ही होतो तिथेच असायचो.

एका रविवारी मुंबईकर आले. म्हणजे आमच्याच घरांतली, मुंबईत कामाला असलेली माणसं. तिथे त्यांचं मंडळ आहे. गावचा उत्सव, देवळाचा पत्रा, कुणाचं आजारपण, सगळं ते बघतात आणि म्हणून मत कुणाला द्यायचं तेही बघतात. सहाणेवर बैठक बसली. सहाण म्हणजे देवळासमोरचा दगडी चौथरा. शिमग्यात तिथे पालखी बसते, एरवी गावकी, म्हणजे घरोघरचे कर्ते पुरुष. गावकीचे अध्यक्ष माझे सासरे होते. वाडी त्यांना नाना म्हणायची, मीही नानाच म्हणायचे. आम्ही बायका देवळाच्या पडवीत, खांबांच्या आड बसलो होतो. दिसत सगळं होतं. बोलायचं नव्हतं.

मुंबईकरांपैकी एकाने सांगितलं, "रस्ता वरपर्यंत देतो म्हणून बोललाय तो. पण त्याला आपलं बूथ पूर्ण पाहिजे. एक पण मत इकडंतिकडं नको."

उमेदवार कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची जीप ओढ्यापर्यंत दोनदा येऊन गेली होती. मग सहाणेवर देवीच्या शपथेचा नारळ ठेवला. एकेका घराचा कर्ता पुढे यायचा, नारळावर हात ठेवायचा आणि आपल्या घरातली मतं किती ते बोलायचा. "माझ्या घरातली पाच." "माझ्या घरातली तीन." घरात कर्ता नसलेली तुळसामावशी पडवीतून उठून आली आणि हात ठेवून "माझं एक" बोलून गेली. शेवटी नाना उठले. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली, नारळावर उजवा हात ठेवला आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "माझ्या घरातली चार."

त्या चारात मी एक होते. नाना, सासूबाई, माझा नवरा विजय आणि मी. खांबाच्या आड बसून मी माझाच आकडा ऐकला. कुणी मागे वळून पाहिलं नाही. पाहायचं कारणच नव्हतं.

आपलं मत नेमकं कुठून येतं, याचा विचार मी त्या दिवसापर्यंत केला नव्हता. नात्याला माझे वडील मतदानाच्या दिवशी धुतलेला सदरा घालायचे आणि लवकर जाऊन यायचे. "कुणाला दिलंत?" असं लहानपणी एकदा विचारलं तर म्हणाले, "आपलं ठरलेलं हाय." कुणी ठरवलं, केव्हा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांच्या वडिलांचं जे चिन्ह होतं तेच त्यांचं. घरातली पितळेची समई जशी चालत येते तसंच ते चालत आलं होतं. मी अठरा वर्षांची झाले तेव्हा मीही तेच बटण दाबलं आणि आपण फार मोठं काम केलं असं वाटून घरी आले. लग्न झालं, आडनाव बदललं, यादीतलं नाव पोलादपूरला गेलं आणि बटणही बदललं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सासरी गेल्यावर आमटीची चव बदलते तसं ते होतं.

मग सिस्टर उभ्या राहिल्या.

सिस्टर म्हणजे आमच्या भागातल्या उपकेंद्रात पंधरा वर्षं काम केलेल्या नर्स. निवृत्त झाल्यावर त्यांनी अपक्ष अर्ज भरला होता. नोकरीत असताना महिन्यातून एकदा लस द्यायला त्या वाडीत चढून यायच्या आणि माझ्या बालवाडीत बसायच्या. घाम पुसत पाणी प्यायच्या आणि विचारायच्या, "मनीषा, पाण्याची टाकी कुठं बांधायला हवी, तुला काय वाटतं?" किंवा, "बायका तपासायला येत नाहीत, का येत नसतील? तुला काय वाटतं?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला उत्तरच देता आलं नाही. मला काय वाटतं हे मला कुणी विचारलंच नव्हतं, माहेरी नाही, सासरी नाही. पुढच्या महिन्यापर्यंत मी विचार करून ठेवला. टाकी नळाजवळ नको, वरच्या फणसापाशी हवी, म्हणजे दोन्ही आळ्यांना उतार मिळेल. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. टाकी झाली नाही ती गोष्ट वेगळी. पण त्यांनी लिहून घेतलं.

एवढ्यावर एखाद्याला मत द्यावं का? मी स्वतःला हे अनेकदा विचारलं आहे. त्यांना रस्ता आणता आला असता का, निवडून आल्यावर त्या काय करणार होत्या, यातलं मला काही माहीत नव्हतं. नाना रस्त्यासाठी मत देत होते. मी कशासाठी देणार होते? कुणीतरी मला माणसात धरलं म्हणून? तेही एक प्रकारचं देणंघेणंच झालं की. तरीपण सिस्टरांचं चिन्ह असलेला कागद मी बालवाडीच्या तक्त्यांमागे लपवून ठेवला होता आणि मुलं अक्षरं गिरवत असताना तो दिसत नाही ना, हे पुन्हा पुन्हा पाहत होते.

नानांजवळ एकदा विषय काढायचं धाडस केलं. ते अंगणात वालाच्या सुकलेल्या शेंगा उन्हात पसरत होते. मी म्हटलं, "नाना, सिस्टर पण आपल्या भागासाठी चांगलं काम करतील असं वाटतं."

ते रागावले नाहीत. शेंगा पसरतच बोलले. "चांगली बाय हाय ती. मी नाय कुठं म्हणतो? पण माझी आई कशी गेली तुला म्हायत हाय? पावसात डोलीतनं खाली नेत होतो. चौघं जण. ओढ्याला पाणी. दोन तास अलीकडंच उभे राहिलो तिला खांद्यावर घेऊन. ती डोलीतच गेली." मग ते ताठ झाले. "एकेकाचं मत कोण विचारतो गो? खाली त्यांच्या यादीत आपण दिसतच नाय. सगळी एक झाली तर निदान जीप ओढ्यापर्यंत येते."

ते खोटं बोलत नव्हते. रस्ता मलाही हवा होता. माझ्या नावाचा हिशोब मला न विचारता झाला हेही खरं होतं आणि त्यांच्या आईला खांद्यावर घेऊन ते उभे राहिले होते हेही खरं होतं. त्या दोन खऱ्या गोष्टींच्या मधे मी पुढचे आठ दिवस वावरले. भाकरी थापताना, नळावर, मुलांना गाणी शिकवताना. विजयला म्हटलं, "तुम्ही काय करणार?" तो म्हणाला, "त्यात करायचं काय? ठरलंय ना." आणि महाडच्या कारखान्याच्या टेम्पोवर पाळीला निघून गेला.

मतदान शाळेत होतं, माझ्या बालवाडीच्या शेजारच्या खोलीत. पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले तेव्हा माझ्या मागे त्याही खोलीच्या भिंतीवर मी मुलांसाठी चिकटवलेले रंगीत पक्षी होते. दाराशी गावकीतले दोघे बसले होते. ते आत पाहू शकत नव्हते हे मला कळत होतं, तरी पाठीवर नजर जाणवत होती. देवीचं नाव घेतलं. माझा हात नारळाला लागला नव्हता, असं तिला मनात सांगितलं. पंचायत समितीचं बटण सांगितलं होतं तेच दाबलं. जिल्हा परिषदेचं दाबताना बोट सिस्टरांच्या चिन्हावर गेलं. यंत्र वाजलं. तो आवाज मला इतका मोठा वाटला की दाराशी बसलेल्यांना त्यातूनच सगळं समजलं असणार अशी खात्री झाली. बाहेर आले तर एकाने नुसतं विचारलं, "झालं?"

"झालं," मी म्हटलं.

मतमोजणीनंतर दुसऱ्या दिवशी जीप आली. उमेदवार निवडून आला होता. त्याचा माणूस ओढा ओलांडून चालत वर आला, हातात बूथवार मतांचा कागद घेऊन. गुलाल उधळायला सगळे सहाणेवर जमले होते. त्याने कागद नानांसमोर धरला. "नाना, तुमचं बूथ तीन मतं कमी आहे."

गुप्त मतदान म्हणतात ते मोठ्या शहरात असेल. चाळीस घरांच्या वाडीत ते असं उघडं पडतं. नानांनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत होतं, तरी ते बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. मी पडवीत उभी होते. डोक्यावरचा पदर पुढे ओढला. पण त्या भीतीतही एक विचित्र गोष्ट मनात आली. तीन? मी तर एकटीच होते. मग अजून दोघं कोण? मी आजूबाजूला सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. सगळेच एकमेकांकडे पाहत होते.

शोध सुरू झाला आणि तो तुळसामावशीच्या दारात जाऊन थांबला. मावशी एकटी राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. बांधावरून तिचं दोन घरांशी भांडण होतं आणि सिस्टर आल्या की कधीमधी तिच्याकडे चहा घ्यायच्या. एवढा पुरावा पुरला. एक मत तिचं नक्की, मग तिनेच अजून दोघांना फूस लावली असणार, असं ठरलं. तिला विचारायलाही कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्याशी बोलणं बंद झालं. ती नळावर आली की बायका आपली भांडी घेऊन बाजूला व्हायच्या आणि ती गेल्यावर नळ घासायच्या. वाल झोडायला जाताना तिच्या दारावरून बायका न थांबता पुढे गेल्या. त्या बायकांत मी होते.

हेही लिहायला हवं. बारा दिवस मी गप्प राहिले. रोज सकाळी ठरवायचे, आज बोलायचं. मग नानांना पाहायचे. ते जेवताना मान वर करेनासे झाले होते. त्यांनी नारळावर हात ठेवून चार सांगितले होते. मी बोलले तर त्यांचा शब्द त्यांच्याच घरात मोडला हे सगळ्यांना कळणार. मी बोलले नाही तर मावशी. घरातून बाहेर पडले की तिचं दार दिसायचं, आत आले की नाना दिसायचे. तिसरीकडे जायला वाडीत जागा नव्हती.

तेराव्या दिवशी दुपारी मी तिच्या अंगणात गेले. ती एकटीच वाल झोडत होती. दरवर्षी चार बायका लागायच्या त्या कामाला. शेंगांची टरफलं तिच्या केसांत अडकली होती. मला पाहून तिचा हात थांबला.

"कशाला आलीस? तुला पण बंद करतील."

"मावशी, तुम्ही सिस्टरांना दिलं होतं का हो मत?"

तिने काठी खाली ठेवली. "देवीचा नारळ ठेवलावता गो. मी कशी देईन? माझ्या घरात कर्ता नाय, म्हणून मी सोता हात ठेवलाय नारळावर. सांगितलं त्यालाच दिलं मी. सिस्टरला पण सांगितलं व्हतं, बाय, तुला नाय देता येणार, राग नको मानूस." मग पदराने तोंड पुसलं. "ज्यांनी दिलं त्यांना देवी बघेल. मला एवढंच कळत नाय, मला कुणी विचारलं का नाय."

त्या बाईने शब्द पाळला होता आणि शिक्षा भोगत होती. मी तिच्यासमोरच रडू लागले. रडण्यातच तिला सगळं समजलं. तिने मला जवळ घेतलं नाही. समजूत घातली नाही. काठी उचलली आणि पुन्हा झोडायला लागली.

पुढच्या रविवारी गावकी बसली तेव्हा मी पडवीतून उठले आणि सहाणेसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "तीनातलं एक मत माझं आहे. तुळसामावशीने मात्र ठरलं होतं तिथंच दिलंय. तिला मोकळं करा. बाकीची दोन कुणाची ते मला माहीत नाही."

मी वाट पाहत होते. आता उरलेले दोघे उठतील, असं मला खरंच वाटत होतं. एकाने तोंड फोडलं की दुसऱ्याला धीर येतो, असं आपण धरून चालतो. कुणी उठलं नाही. पडवीत एका बाईच्या बांगड्या वाजल्या, तेवढंच. मग नाना उठले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "माझ्या घरातली तीनच होती. मी चार बोललो. चूक माझी हाय." आणि ते घराकडे चालू लागले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

शिमग्याला पालखी तुळसामावशीच्या दारात थांबली. कुणी माफी मागितली नाही, पण पालखी थांबली. तिने ओवाळलं. मग पालखी आमच्या घराकडे वळली. सासूबाई आरतीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. ढोल वाजत होते. पालखी आमच्या अंगणासमोरून सरळ पुढे गेली. तीस वर्षं जी पालखी नानांनी खांद्यावर घेतली, ती त्यांच्यासमोरून त्यांना ओळख न देता गेली. सासूबाईंच्या ताटातली निरांजनं जळत राहिली. ती विझवायला कुणाचा हात होईना.

त्या पावसाळ्याआधी विजयने महाडला खोली घेतली आणि नाना-सासूबाईंनाही तिथे आणलं. कारखान्याच्या टेम्पोवर तो होताच. मला एका शाळेच्या वाचनालयात काम मिळालं. सासूबाई दोन वर्षांनी गेल्या. नाना आमच्यासोबत राहिले खरे, पण खिडकीजवळच्या खाटेवर बसून डोंगराच्या दिशेने पाहत. माझ्याशी ते कामापुरतं बोलायचे. वाईट कधीच बोलले नाहीत. एकदा त्यांनी मला रागाने काही म्हणावं अशी मी मनोमन वाट पाहत राहिले, पण तेही झालं नाही. रस्ता मात्र झाला. ओढ्यावर छोट्या पुलासारखी मोरी बांधली आणि गाडी सहाणेपर्यंत जायला लागली. सासूबाईंच्या दिवसकार्याला आम्ही त्याच रस्त्याने वर गेलो. मी ज्याला मत दिलं नव्हतं त्याच्या रस्त्यावरून. गाडीत बसून मी खाली दरीकडे पाहत होते आणि नानांना ओढा ओलांडताना डोळे मिटून बसलेलं पाहत होते.

ती दुसरी दोन मतं कुणाची, हे मला अजून माहीत नाही. कधी वाटतं त्या बांगड्या वाजलेल्या बाईचं एक असेल. कधी वाटतं सासूबाईंचं, आणि मग त्यांचा तो ताट धरलेला हात आठवून मी तो विचार सोडून देते. नानांनी तीन म्हटलं ते त्यांना तरी खात्रीने कुठे माहीत होतं? सिस्टरांना मत दिलेले आम्ही तिघं एकाच वाडीत, एकाच नळावर, एकच गोष्ट मनात धरून वावरलो आणि एकमेकांना कधी सापडलो नाही.

परवा मतदान झालं. नानांचं नाव अजून वाडीच्याच यादीत आहे. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. नको जायला म्हटलं तर ऐकेनात. विजयने गाडी काढली. सहाणेजवळ उतरलो तेव्हा काही जणांनी नानांना हात केला, काहींनी नाही. त्यांना दिसलंच नाही. आम्ही शाळेत गेलो. अधिकाऱ्याने सांगितलं की नजर नसलेल्या मतदाराला सोबत एक माणूस नेता येतो, तो मतदार सांगेल तिथे बटण दाबेल.

विजय पुढे झाला. नानांनी त्याचा हात बाजूला केला. "तू नको. मनीषा येईल."

विजयने माझ्याकडे पाहिलं. अधिकाऱ्याने एक कागद पुढे केला. मतदार सांगेल तसंच मत देईन आणि ते गुप्त ठेवीन, असं त्यावर लिहिलं होतं. मी सही केली. नानांनी माझा दंड धरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. आडोशामागे त्यांनी तोंड माझ्या कानाजवळ आणलं. त्यांच्या श्वासाला तंबाखूचा वास होता. आधी पंचायत समितीचं नाव सांगितलं, मग जिल्हा परिषदेचं. दुसरं नाव ऐकून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते यंत्राच्या दिशेने, थोडं बाजूला, पाहत होते.

मी दोन्ही बटणं दाबली. यंत्र वाजलं.

"दाबलंस?"

"दाबलं, नाना."

"माझंच?"

"तुमचंच."

त्यांनी मान डोलावली आणि दंड सोडला नाही. तसेच आम्ही बाहेर आलो. कुठलं नाव होतं ते मी इथे लिहिणार नाही. विजयलाही सांगितलेलं नाही.